नवी नोकरी, जुना नेम

वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यातली निम्मी पत्रं एकाच अडचणीची निघाली. नोकरी नवी लागली, घर तेच, देवधर्म तोच, आणि दिवसाचे तास काही वाढत नाहीत. त्यातली सहा पत्रं इथे घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. उत्तरं देताना सोलापूरचं पाणी, इथलं ऊन, इथल्या पाळ्या आणि इथल्या यात्रा डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत.

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका गारमेंट कारखान्याच्या ऑफिसात अकाउंट्सला लागून मला तीन आठवडे झाले. घर जुळे सोलापुरात. साडेनऊला हजेरी, सुटायला साडेसहा. घरी सासूबाई, मिस्टर आणि दोन मुलं. देवपूजा माझ्याकडे आहे, तिला पाऊण तास लागतो. सोमवारचा उपवास असतो. दर गुरुवारी अक्कलकोटला जायचा नेम लग्नाआधीपासूनचा. त्यात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. तीन आठवड्यांत चारदा उशीर झाला. सासूबाई म्हणतात, नोकरीपायी देवाचं सुटायला लागलं. सुरुवात कुठून करू?

उत्तर: ताई, सुरुवात पाण्यापासून करा. तुमच्या पत्रात ते शेवटी आलंय, पण चार उशिरांतले दोन तरी पाण्याच्या दिवशीचे असतील असा आमचा अंदाज आहे. पाणी सुटलं की घरातलं एक माणूस नळाला बांधलं जातं, आणि ते माणूस बहुतेक घरांत सूनच असते. हौद असेल तर नळाच्या तोंडाला बॉल कॉक बसवून घ्या. हौद भरत आला की गोळा वर येतो आणि पाणी आपोआप थांबतं. चावी कायम उघडी ठेवली तरी सांडत नाही. तो बिघडतो दोन कारणांनी. एक, प्लॅस्टिकच्या गोळ्याला चीर जाऊन आत पाणी शिरतं, मग तो तरंगत नाही. दोन, आतल्या रबरी वायसरवर गाळ बसतो आणि पाणी थेंब थेंब गळत राहतं. म्हणून हात पोचेल अशाच जागी बसवा आणि दोन महिन्यांतून एकदा वायसर काढून धुवा. सुरुवातीचं गढूळ पाणीही हौदात जाणारच. त्यामुळे पिण्याचं पाणी भरायची घाई नको. गाळ खाली बसू द्या, मग वरचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून भरा आणि प्यायच्या आधी उकळा. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज पाच-सहा लिटर लागतं. पाच माणसं, पाच दिवस, म्हणजे १२५ ते १५० लिटर. नवं पाणी भरण्याआधी भांडं रिकामं करून कडा घासा आणि कोरड्या करा. डासाची अंडी पाण्याच्या रेघेवर कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून दिल्याने जात नाहीत.

आता सकाळ. भाकरीचं पीठ आदल्या रात्री मळून ठेवायचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नका. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. मळून ठेवलं की विरी जाते आणि थापताना भाकरीला कडेने चिरा पडतात. मळायचं ते ऐन वेळी, आधणाच्या पाण्यात, आणि दळण आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त दिवसांचं एकदम आणायचं नाही. कणकेचं तसं नाही. ती रात्री मळून, वरून तेलाचा हात फिरवून फ्रीजमध्ये ठेवा, मुलांच्या डब्याच्या पोळ्या सकाळी वीस मिनिटांत होतात. आठवड्यातले दोन दिवस तवा मांडूच नका. कडक भाकरी आणि शेंगाचटणी ही आपल्याकडची तयार शिदोरी आहे, आणि घाईच्या दिवसासाठी याहून चांगला डबा आम्हाला माहीत नाही. कडक भाकरी कोरड्या डब्यात कितीतरी दिवस टिकते. डब्यात दही वेगळं द्या किंवा घट्ट आमटीत मोडून खा.

चटणी रविवारी करून ठेवा. अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून साली काढा. लसणाच्या १५-२० पाकळ्या सोलून तासभर हवेवर सुकवा, कारण ओला लसूणच चटणी लवकर बिघडवतो. तीन मोठे चमचे तिखट, दोन छोटे चमचे मीठ, एक छोटा चमचा जिरं. उखळ असेल तर उत्तम. मिक्सर असेल तर थांबून थांबून फिरवा. सलग फिरवला की भांडं तापतं, तेल एकदम सुटतं आणि चटणीचा गोळा होतो.

पूजेकडे येऊ. पाऊण तासातला मोठा वाटा टाक-मूर्ती ताम्हनात घेऊन स्नान घालण्यात, पुसण्यात आणि परत मांडण्यात जातो. आपल्या परंपरेत पंचोपचार पूजा आहेच: गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. ही काटछाट केलेली पूजा नव्हे, ती स्वतःच पूर्ण पूजा आहे. मंगळवार ते शनिवार पंचोपचार, दहा-बारा मिनिटं. सोमवारी फक्त पिंडीला अभिषेक. रविवारी सगळ्या देवांना स्नान, भांडी चिंच-मिठाने घासणं, देवघर पुसणं, म्हणजे सवडीची षोडशोपचार पूजा. रविवारीच आठवड्याच्या चौदा फुलवाती तुपात भिजवून डबीत भरून ठेवा. सकाळी वात वळायला आणि तूप पातळ करायला जाणारी मिनिटं वाचतात. शक्य असेल तर फुलंही संध्याकाळीच ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा.

वेळ अशी बसते. सव्वापाचला उठणं, पावणेसहापर्यंत आंघोळ, सहापर्यंत पूजा, पावणेसातपर्यंत डबे, सव्वासातला मुलं रिक्षात. पुढचा सव्वा तास नाश्ता, आवराआवर आणि तुमच्या स्वतःच्या तयारीचा. साडेआठला घर सोडा. जुळे सोलापुरातून अक्कलकोट रोडला अर्धा-पाऊण तास धरा, आणि सात रस्ता चौकातल्या गर्दीचा अंदाज आल्याशिवाय पावणेनऊचा हिशेब करू नका.

गुरुवारचा नेम सध्या आहे तसा निभणार नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. अक्कलकोट एका बाजूने ४० किलोमीटरच्या आसपास आहे. साडेसहाला सुटून जाऊन-येऊन घरी पोचायला दहा वाजतात, आणि शुक्रवारची सकाळ तिथेच बिघडते. हा नेम नवसाचा आहे का, ते आधी बघा. ठरावीक गुरुवारांचा नवस असेल तर उरलेले गुरुवार मोजा आणि तेवढे पुरे करायला तेवढ्याच संध्याकाळी मिस्टरांकडे स्वयंपाक सोपवा. नवस नसेल, नुसती ओढ असेल, तर महिन्यातला एक रविवार ठरवा, पहाटेची पहिली एसटी पकडा आणि मुलांना, सासूबाईंना सोबत न्या. बाकीच्या गुरुवारी घरी संध्याकाळी आरती. नेम बदलताना देवापुढे उभं राहून तसं सांगायची रीत आहे. ती पाळा, मनाला टोचणी राहत नाही.

सासूबाईंचं म्हणणं मनावर घ्या, पण ते भांडण समजू नका. त्यांच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षांची पूजा सैल होतेय, त्यांना काळजी वाटणारच. संध्याकाळची दिवाबत्ती पूर्णपणे त्यांच्याकडे द्या, आणि रविवारी पूजेला त्या सांगतील तसं करा. मिस्टरांना एखादं काम नव्हे, अख्खं खातं द्या: पाणी, दूध, दळण आणि इस्त्री. आठवण करून देण्याचं कामही त्यांचंच. ऑफिसात चार उशिरांबद्दल साहेबांना आपणहून भेटा. कारणं सांगू नका, घरी काय बदललं आणि कधीपासून वेळेवर येणार तेवढं सांगा.

प्रश्न: सूतगिरणीत नवीन लागलोय. तीन पाळ्या आहेत, ७ ते ३, ३ ते ११, ११ ते ७, दर आठवड्याला बदलतात. घर वारकरी, रोज संध्याकाळी हरिपाठ असतो आणि एकादशी कुणी मोडत नाही. रात्रपाळीत उपवास धरला तर पहाटे चक्कर येते. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात हरिपाठ बुडतो म्हणून वडील नाराज आहेत.

उत्तर: दादा, चक्कर उपवासाने येते त्याहून जास्त घामाने आणि साबुदाण्याने येते. स्पिनिंगला सूत तुटू नये म्हणून हवेत दमटपणा मुद्दाम राखतात. त्या दमट गरमीत घाम वाळत नाही आणि अंगातलं मीठ-पाणी जात राहतं. त्यावर रात्री दहाला ताटभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली की आधी सुस्ती येते आणि तीन-चारला पोटात काही उरत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिष्ट. त्याऐवजी रात्री साडेनऊला एक वाटी वरीची भगर, शेंगदाण्याची आमटी, वर दही. अडीचला दोन राजगिऱ्याचे लाडू आणि सैंधव घातलेलं दोन पेले ताक. साडेचारला एक केळं आणि पाणी. चहा तीननंतर नको, नाहीतर घरी जाऊन झोप लागत नाही.

भगर मात्र घरीच, ताजी खाऊन निघा. डब्यात भरून गिरणीत नेऊ नका. गरम-दमट जागी पाच-सहा तास राहिलेली भगर आंबते. वरीला बुरशी लवकर धरते आणि उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या वरचेवर येतात, त्याचं कारण हेच. भगर सुट्टी विकत घेण्यापेक्षा बंद पाकिटातली आणा, निवडून तीन पाण्यांनी धुवा, आणि तिचं पीठ दळून साठवू नका.

एकादशी धरायची कधीपासून कधीपर्यंत, हा रात्रपाळीवाल्यांचा नेहमीचा घोळ. आपला दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचा. म्हणजे एकादशीच्या रात्री अकराला कामावर गेलात तर ती अख्खी पाळी उपवासातच आणि सकाळी सातला सुटून घरी आलात की द्वादशीचं पारणं. दशमीच्या रात्री गेलात तर पहाटेपर्यंत जेवायला हरकत नाही, एकादशी सूर्योदयाला सुरू होते. दिनदर्शिकेत कधी लागोपाठ दोन दिवस स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादशा दिसतात, वारकरी भागवत धरतात. वर्षाला २४, अधिक महिना आला तर २६. पाळीचा तक्ता मिळाला की त्याच कागदावर खुणा करून ठेवा. साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्रपाळीत उपवास धरू नका.

हरिपाठाला अर्धा तास लागतो. पहिल्या पाळीत संध्याकाळी घरच्यांबरोबर बसा. रात्रपाळीत साडेसात ते आठ बसा, मग दीड तास डोळा लावा आणि जेवून निघा. दुसऱ्या पाळीत संध्याकाळी तुम्ही खात्यात, तेव्हा दुपारी बारा ते साडेबारा एकट्याने म्हणा. वडिलांना सांगा की सगळ्यांनी मिळून म्हणायची वेळ संध्याकाळची खरी, पण नाम घेण्याला काळवेळेचं बंधन वारकरी परंपराच मानत नाही. मशीन चालू असताना कानात इअरफोन घालून अभंग ऐकणं मात्र अजिबात नको. आवाजातला फरक हीच बिघाडाची पहिली खूण असते, आणि हाक ऐकू न येणं धोक्याचं आहे.

रात्रपाळीनंतरची झोप सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये दहानंतर उन्हाने मोडते. आठच्या आत आडवे व्हा. पूर्व-दक्षिणेच्या खिडकीला आपली जाड सोलापुरी चादर दुहेरी करून बाहेरच्या बाजूने लावा, आतून लावली तर तापलेली काच खोलीतच ऊब सोडत राहते.

आषाढीला पूर्ण वारी या वर्षी जमणार नाही. पण पालख्या वाखरीला एकत्र येतात आणि दशमीला तिथून पंढरपुरात जातात. वाखरी ते पंढरपूर चालायला एक दिवसाची रजा पुरते. ती रजा आत्ताच, पाळी-बदलीच्या रूपात मागा. खात्यातला मुस्लिम सहकारी तुमची एकादशीची पाळी करतो आणि तुम्ही त्याची ईदची, ही देवघेव आपल्या शहरात सहज जमते. सुपरवायझरच्या वहीत दोघांच्या सह्या करून ठेवा, म्हणजे ऐन वेळी वाद होत नाही.

प्रश्न: नव्या पेठेत कपड्यांच्या शोरूममध्ये सेल्सला लागलोय. दहा ते नऊ ड्युटी. रमजानमध्ये इफ्तारची वेळ आणि गिऱ्हाइकांची गर्दी एकच. जुम्म्यालाही निघायला संकोच वाटतो. घरी अम्मी आणि लहान भाऊ आहेत, त्यांच्यासोबत इफ्तार होणारच नाही असं दिसतंय.

उत्तर: भाऊ, संकोचाने गप्प राहिलात तर एक दिवस न सांगता निघावं लागेल, आणि नव्या माणसाचं तेच लक्षात राहतं. रमजानच्या पंधरा दिवस आधी शेठना शांत वेळी, म्हणजे सकाळी दुकान उघडल्यावर भेटा. मागणी नेमकी ठेवा: रोज इफ्तारच्या वेळी १५ मिनिटं, शुक्रवारी दुपारी ५० मिनिटं, बदल्यात सकाळी अर्धा तास आधी येऊन माल लावणं. गर्दी सांभाळायला कोण थांबेल तेही तुम्हीच सुचवा. १५ मिनिटांत खजूर, पाणी, एखादं फळ आणि मगरिबची नमाज होते, भजी-समोशांचं ताट होत नाही. जेवण घरी गेल्यावर. वजू दहा मिनिटं आधीच करून घ्या.

वेळेबाबत एक चूक फार जण करतात. मोबाइलमधलं अ‍ॅप मुंबईच्या वेळेवर राहतं. सोलापूर मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ तीन रेखांश आहे आणि एका रेखांशाला चार मिनिटं पडतात, म्हणजे साधारण १२ मिनिटांचा फरक. मुंबईच्या वेळेने इफ्तार केलं तर नुसता उशीर होतो, पण मुंबईच्या वेळेने सेहरी संपवली तर आपल्याकडे वेळ उलटून गेलेली असते. गावातल्या मशिदीचं छापील वेळापत्रकच वापरा. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो, तेव्हा सोलापुरात सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो. पुढच्या प्रत्येक वर्षी महिना दहा-अकरा दिवस अलीकडे येत जाईल.

दिवसभर उभं राहायचं असल्यामुळे सेहरीत पोळीपेक्षा ज्वारीची भाकरी, दाट डाळ, दोन अंडी आणि दही ठेवा. लोणचं, पापड नको, मिठाने दुपारी तहान लागते. चहा शेवटी प्यायलात तर लघवीवाटे पाणी जातं. झोपेचे दोन भाग करा. तरावीहला, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या नमाजीला, दुकानापासून जवळची, उशिराची जमात असलेली मशीद आधीच विचारून ठेवा. साडेअकराला झोप, सेहरीला उठणं, फजरनंतर पुन्हा सव्वासहा ते आठ.

अम्मींसोबत इफ्तारासाठी आठवड्याची सुट्टी राखून ठेवा आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. सेहरी तर रोज एकत्रच होते, तीही घरच्यांची पंगतच आहे. ईद चंद्रावर ठरते, म्हणून रजा मागताना दोन तारखा लिहून द्या, ‘यांपैकी जी ईद असेल ती’. आदल्या रात्री फोन करण्यापेक्षा हे शेठनाही सोयीचं पडतं.

प्रश्न: आम्ही दोघंही यंदा नोकरीला लागलो. कुलस्वामिनी तुळजाभवानी, घरी घट बसतात. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घराला कुलूप. अखंड दिव्याचं काय करावं? मागच्या वर्षी घटातलं धान्यही कुजलं होतं.

उत्तर: कुलूपबंद घरात तेवता दिवा ठेवू नका. याला आमच्याकडे दुसरं उत्तर नाही. वातीची काजळी गळून पडते, उंदीर वात ओढतो, वाऱ्याने पडदा येतो, आणि घरात कुणी नसलं की पहिली दहा मिनिटं वाया जातात.

मार्ग तीन आहेत. भावाभावांत ज्याच्या घरी दिवसभर माणूस असतं तिथे एकच घट बसवायचा आणि बाकीच्यांनी माळेला, आरतीला जायचं. हे अनेक घरांत चालतं आणि आम्हाला सर्वांत बरं वाटतं. दुसरा मार्ग, शेजारची किंवा नात्यातली एखादी मावशी दुपारभर तुमच्या घरी येऊन बसणार असेल तर तिला नऊ दिवसांचा मान द्या, शेवटी ओटी भरा. तिसरा, घरी असाल तेवढाच वेळ दिवा. निघताना तो फुंकर न मारता शांत करायचा, आल्यावर पुन्हा लावायचा. घराण्यात अखंड दिव्याचा कडक कुळाचार असेल तर वडीलधाऱ्यांना विचारून पहिला मार्ग घ्या.

घरी माणूस असेल तेव्हाही समई काचेच्या चिमणीत, स्टीलच्या परातीत, भिंतीपासून हातभर लांब. तेल करडईचं किंवा तिळाचं. रात्रीला किती लागेल ते अंदाजाने ठरवू नका. घट बसायच्या आधी त्याच समईत, त्याच जाडीची वात घालून १०० मिलि तेल मोजून घाला, चार तास जाळा आणि उरलेलं मोजा. तासाचा हिशेब मिळतो. काजळी झाडताना दिवा विझतो, म्हणून आधी त्याच ज्योतीवर छोटं निरांजन लावून घ्या, मग काजळी काढा.

धान्य कुजलं ते बहुतेक मातीमुळे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि घटाचं भांडं खालून बंद असेल तर मुळं बुडतात. परडी किंवा पत्रावळ घ्या, काळ्या मातीत तिसरा हिस्सा वाळू मिसळा, थर तीन बोटांचा. धान्य सहा-आठ तास भिजवून पेरा आणि वरून पातळ माती. पाणी रोज सकाळी एकदाच, हाताने शिंपडून, छोट्या पेल्याएवढं. घटाचं पाणी झिरपून माती ओली राहत असेल तर तेही नको. बोट लावून माती चिकटली तर त्या दिवशी पाणी घालूच नका. माळेची फुलं रात्री ओवून ओल्या फडक्यात ठेवली की सकाळी माळ बांधायला पाच मिनिटं पुरतात.

प्रश्न: एका खासगी ऑफिसात नोव्हेंबरात लागले. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, तिला रजा मिळेल का? नवीन माणसाने मागावी का?

उत्तर: मागा, पण यात्रेच्या आठवड्यात नव्हे, डिसेंबरात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कर्मचाऱ्यांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. यात्रेचा एक दिवस त्या चारांत घालावा असं सुचवायची वेळ डिसेंबरच. शिवाय आठ किरकोळ रजा असतात. त्या तिमाहीला दोन अशा जमा होतात आणि वर्षअखेर उरलेल्या बुडतात. छोट्या आस्थापनांना हा कायदा तसा लागू होत नाही, तिथे नेमणूकपत्र वाचा. अर्जित रजा २४० दिवस भरल्यावर, तेव्हा पहिल्या वर्षी तिच्यावर विसंबू नका.

पूर्ण यात्रा मागू नका, एक दिवस निवडा. घरात नंदीध्वजाचा, म्हणजे यात्रेत मिरवणाऱ्या उंच मानाच्या काठीचा, मान किंवा सेवा असेल तर तो दिवस ठरलेलाच. नसेल तर अक्षता सोहळ्याचा, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाचा, दिवस घ्या, आणि तारीख देवस्थानच्या पत्रिकेत बघून मगच अर्ज लिहा. शोभेचं दारूकाम रात्री असतं, त्याला रजा लागत नाही.

प्रश्न: कोजागिरीला तुळजापूरला चालत जायचं आहे. दुसऱ्या दिवशी दहाला ड्युटी आहे, जमेल का?

उत्तर: नाही जमणार. अंतर ४५ किलोमीटरच्या घरात आहे. ताशी चारच्या चालीने चालण्याचेच अकरा तास, विसावे धरून तेरा-चौदा. संध्याकाळी पाचला निघालात तर सकाळी सहा-सातला पोचणार, पुढे दर्शनाची रांग, मग एसटी. दुसऱ्या दिवसाची रजा आत्ताच टाका. रजा नसेल तर यंदा तामलवाडीपर्यंत, निम्म्या वाटेच्या आसपास चाला, तिथून परत फिरा आणि दर्शनाला रविवारी गाडीने जा.

महिनाभर आधी दर रविवारी १०, १५, २० किलोमीटर असं वाढवत चाला. नवी चप्पल-बूट त्या रात्री पहिल्यांदा घालू नका. निघताना बोटांच्या बेचक्यात आणि टाचेला व्हॅसलीन, वर सुती मोजे, आणि एक कोरडी जोडी पिशवीत. अनवाणी जायचा नेम असेल तर टॉर्च हवीच, रस्त्याच्या कडेला काचा असतात. पाणी तासाला दोन पेले. एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, असं दोन लिटर सोबत ठेवा. वाटेवर लोक प्रेमाने चहा-फराळ देतात, तो घ्या, पण पोटभर खाऊन लगेच चालू नका. टाचेला फोड आला तर फोडू नका. स्वच्छ पुसून वर चिकटपट्टी लावा, आणि फोड आपणहून फुटला तर डेटॉलच्या पाण्याने धुऊन मगच मोजा चढवा.